आधी सोबती शोधा, क्लासचं नंतर बघू

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर पालकांनाही संदर्भ लागेल. मुलगा चौथीत आहे. शाळेच्या व्हॅनने साडेतीनला घरी येतो, खातो आणि मोबाईल घेऊन सोफ्यावर बसतो. ‘खाली जा’ म्हटलं की ‘खाली कोणी नाहीये’ म्हणतो. क्रिकेटचं कोचिंग लावलंत, ते त्याने दोन महिन्यांत सोडलं. वजन वाढतंय. मोठी मुलगी आठवीत आहे. सातवीपर्यंत खेळायची, आता अजिबात खेळत नाही. ‘रोज काय करून घेऊ?’ असं तुम्ही विचारलंय.

मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते आणि संध्याकाळी वस्तीतल्या मुलांना मैदानावर खेळवते. या कामात बरीच वर्षं गेली आहेत. त्या अनुभवावरून सांगते, ‘करून घेऊ’ हा विचार आधी सोडा. नऊ वर्षांच्या मुलाकडून व्यायाम करून घेता येतो, पण फार तर पंधरा दिवस. रोज, वर्षानुवर्षं हलणारं मूल हवं असेल तर त्याला तीन गोष्टी लागतात: सोबती, जागा आणि ठरलेली वेळ. ‘खाली कोणी नाहीये’ हे तुमचा मुलगा खरं सांगतोय. तो आळशी आहे असं समजू नका.

किती हालचाल पुरेशी, ते आधी सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस हाडं-स्नायू बळकट करणारं काहीतरी करावं: उड्या, चढणं, लोंबकळणं, ढकलाढकली. मध्यम म्हणजे मूल बोलू शकतं पण गाणं म्हणताना त्याला धाप लागते. जोरकस म्हणजे चार शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागतं. घड्याळ किंवा यंत्र विकत घ्यायची गरज नाही, ही खूण पुरते. आणि ही ६० मिनिटं सलग लागत नाहीत. शाळेच्या सुट्टीतली दहा, व्हॅनच्या थांब्यापासून चालत येण्यातली दहा, संध्याकाळची चाळीस, अशी जमली तरी चालतात. याच संघटनेच्या अभ्यासानुसार जगभरातली ११ ते १७ वयोगटातली ८१ टक्के मुलं एवढंही हलत नाहीत. तेव्हा तुमच्याच घरात काही बिनसलंय असं मनात आणू नका.

आता क्रिकेटच्या कोचिंगबद्दल. तो का सोडून आला, हे विचारताना त्याच्यावर आरोप होणार नाही असं बघा, पण मला अंदाज आहे. २० मुलं, एक नेट आणि एक तास. प्रत्येकाच्या वाट्याला बॅट येते तीन मिनिटं. बाकी वेळ रांगेत उभं राहायचं, नाहीतर चेंडू कधीतरी येईल म्हणून कडेला थांबायचं. त्यात मूल नवखं असेल तर त्या तीन मिनिटांत दोनदा त्रिफळा उडतो आणि मागची मुलं हसतात. एवढं करून घरी आल्यावर ‘आज काय शिकलास?’ हा प्रश्न असतोच. मी म्हणत नाही की कोचिंग वाईट. ज्याला खेळाची गोडी लागली आहे आणि पुढे जायचं आहे, त्याला चांगला प्रशिक्षक हवाच. पण गोडी लावायला क्लास हा फार महागडा आणि अनेकदा उलटा पडणारा मार्ग आहे. शिवाय क्लास आठवड्यातून तीन दिवस असतो, आपल्याला सातही दिवसांची सोय लावायची आहे.

त्या तासाशेजारी साखळीची पकडापकडी ठेवून बघा. सहा मुलं, पार्किंगमधला एक मोकळा चौकोन. एकावर राज्य. पकडला गेलेला त्याचा हात धरतो, मग दोघं मिळून तिसऱ्याला पकडतात. दहा मिनिटांत सगळी मुलं घामाघूम. रांग नाही, बाद होऊन कडेला बसणं नाही, पैसे नाहीत. विषामृतही तसंच: ज्याला शिवलं तो ‘विष’ होऊन जागच्या जागी बसतो, सोबत्याने येऊन ‘अमृत’ दिलं की उठून पुन्हा धावतो. जे जास्त वेळा पकडले जातात, त्यांनाच जास्त वेळा उठून पळायला मिळतं. जाड, हळू धावणाऱ्या मुलांसाठी मला हा खेळ फार आवडतो. लंगडीला जागा अगदीच कमी लागते आणि पायांना इतकं काम देणारा दुसरा खेळ मला माहीत नाही. लगोरीत नेम, पळणं आणि डोकं तिन्ही लागतं. फरशीचे सात तुकडे आणि एक मऊ रबरी चेंडू एवढंच सामान.

तर पहिलं काम सोबती शोधण्याचं, आणि ते तुमचं आहे, मुलाचं नाही. पूर्वी हे आपोआप व्हायचं. वाड्यात, चाळीत दार उघडं असायचं आणि आवाज ऐकून मुलं बाहेर यायची. आता दारं बंद असतात, प्रत्येक मुलाचा क्लास वेगळ्या वेळेला असतो. त्यामुळे प्रत्येक मूल आपापल्या खिडकीतून खाली बघतं, कोणी दिसत नाही, म्हणून उतरत नाही. हा तिढा मोठ्यांनीच सोडवावा लागतो. तुमच्या इमारतीतली सात ते बारा वयाची मुलं असलेली तीन घरं गाठा. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर सगळ्यांना उद्देशून लांबलचक आवाहन करू नका, त्याला अंगठे मिळतात, मुलं मिळत नाहीत. थेट त्या तीन आयांशी बोला, किंवा असा निरोप पाठवा: ‘सोमवारपासून रोज साडेपाच ते साडेसहा आमचा मुलगा खाली खेळायला असेल, मी बाकावर बसलेली असेन. तुमच्याकडच्यांना पाठवा, घरी परत पाठवायची जबाबदारी माझी.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. बहुतेक आयांना खेळ नको नसतो, लक्ष कोण ठेवणार ही काळजी असते. पुढच्या आठवड्यात बाकावर दुसरी आई, तिसऱ्या आठवड्यात कोणाचे तरी आजोबा. चार मुलं रोज ठरल्या वेळी दिसू लागली की पाचवं आणि सहावं आपण होऊन येतं.

वयाची सरमिसळ होऊ द्या. पाच वर्षांचं शेंडेफळ मागे लागलं तर त्याला कच्चं लिंबू करायचं: ते धावेल, ओरडेल, पण त्याच्यावर राज्य येणार नाही. हा नियम मुलांना आजही पटकन पटतो. मोठी मुलं लहानाला सांभाळून घ्यायला शिकतात आणि लहान मुलं मोठ्यांना बघून चेंडू कसा झेलायचा ते उचलतात.

बाकावरच्या मोठ्या माणसाने काय करायचं? बसायचं. पंच व्हायचं नाही, संघ पाडून द्यायचे नाहीत, ‘असं नाही, तसं टाक’ म्हणायचं नाही. ‘आउट होता’, ‘नव्हता’ यावर दहा मिनिटं भांडण चाललं तरी मधे पडू नका. मारामारी झाली, कोणाला वेगळं पाडून छळणं दिसलं किंवा रक्त आलं, तरच उठा. खेळ मुलांचा राहिला तरच ती उद्या येतात.

जागेचा प्रश्न मात्र मोठ्यांनीच भांडून सोडवायचा. अनेक सोसायट्यांत ‘पार्किंगमध्ये खेळण्यास सक्त मनाई’ अशी पाटी असते. समितीकडे जाताना ‘मुलांना खेळू द्या’ अशी विनंती घेऊन गेलात तर ती टोलवली जाते. प्रस्ताव घेऊन जा: रोज एकच तास, ठरलेली जागा, सीझनचा चेंडू नाही, फक्त मऊ चेंडू, त्या तासात तिथल्या चार गाड्या बाजूला लावायच्या, एक पालक हजर, काच फुटली तर खेळणाऱ्या घरांनी भरपाई वाटून घ्यायची. इतकं ठोस असलं की नाही म्हणणं अवघड जातं. सोसायटीत जागाच नसेल तर जवळची बाग, शाळेचं मैदान, देवळामागची मोकळी जागा बघा. मल्लखांब शिकवणाऱ्या व्यायामशाळा अजूनही महाराष्ट्रात आहेत. तुमच्या जवळ असेल तर मुलाला नुसतं बघायला घेऊन जा. दादरचं समर्थ व्यायाम मंदिर, पुण्याचं महाराष्ट्रीय मंडळ, अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या शंभरीच्या आसपासच्या किंवा शंभरी ओलांडलेल्या संस्था. क्लासबद्दल मी वर जे बोलले, त्यातला बराचसा भाग चांगल्या मल्लखांब वर्गाला लागू होत नाही, कारण तिथे आपली पाळी येईपर्यंतही दोरीवर लोंबकळणं, दंड-बैठका, उड्या असं काही ना काही चालू असतं.

वेळेबद्दल. शाळेतून आलं की आधी खाणं आणि अर्धा तास लोळणं, हे त्याला लागतं, ते द्या. मग खेळ. मग हातपाय धुऊन अभ्यास. पडद्याची वेळ अंधार पडल्यावर. मोबाईल हिसकावून घेऊन खाली पिटाळू नका, नाहीतर खेळ ही मोबाईल गेल्याची शिक्षा ठरते. क्रम बदलला की निम्मं भांडण मिटतं. ‘आधी गृहपाठ, मग खेळ’ हा नियम बऱ्याच घरांत असतो, तो मला मान्य नाही. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. गृहपाठ होईपर्यंत उजेड गेलेला असतो आणि दिवसाचा खेळ बुडतो. गृहपाठ दिव्याखाली होऊ शकतो, लगोरी होऊ शकत नाही. खेळून आलेलं मूल अभ्यासाला बसल्यावर कमी चुळबुळ करतं, हे कुठलाही वर्गशिक्षक सांगेल.

उजेडाचं आणखी एक कारण आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांवर केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्या शाळांनी रोज ४० मिनिटं जादा बाहेर उघड्यावर नेलं, तिथल्या मुलांत तीन वर्षांत मायोपिया, म्हणजे लांबचं धूसर दिसण्याचा दोष, होण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्के राहिलं, बाकीच्या शाळांत ते सुमारे ४० टक्के होतं. बंद हॉलमधला महागडा व्यायामवर्ग डोळ्यांसाठी हे काम करत नाही.

आता एक गोष्ट जी पालकांच्या क्वचितच लक्षात येते. अनेक मुलं खेळत नाहीत कारण त्यांना खेळता येत नाही. चेंडू अंगावर आला की ती डोळे मिटून तोंड फिरवतात. पाच वर्षांच्या मुलाने असं केलं तर कोणी काही म्हणत नाही, नऊ वर्षांच्या मुलाला ‘ए, काय रे’ ऐकावं लागतं. दोनदा ऐकलं की तो ‘मला कंटाळा येतो’ म्हणायला लागतो. तुमच्या मुलाला झेल घेता येतो का, ते घरात सहज बघा. येत नसेल तर चारचौघांत नाही, घरातल्या घरात शिकवा. सुरुवात फुग्याने. फुगा हळू येतो, भीती वाटत नाही, नजर त्याच्यावर ठेवायची सवय लागते. मग फुटबॉलएवढा हलका चेंडू, एक टप्पा देऊन. टप्प्यामुळे त्याला तयारीला वेळ मिळतो. हात पुढे, कोपरात थोडे वाकलेले, आणि चेंडू हातात आला की पोटाकडे ओढून घ्यायचा. टप्पा जमला की टप्प्याशिवाय, दोन पावलांवरून. मग टेनिसचा चेंडू. रोज दहा मिनिटं, आई, बाबा किंवा आजोबा कोणीही. फेकायला शिकवताना एकच सांगा: ज्या हाताने फेकतोस त्याच्या विरुद्ध बाजूचा पाय पुढे. एवढ्याने नेम सुधारतो.

दोरीउड्यांचंही तसंच. मुलं दोरी फिरवणं आणि उडी मारणं एकदम करायला जातात आणि अडकतात. आधी दोन्ही मुठी एका हातात धरून दोरी नुसती बाजूला फिरवायची. दोरी जमिनीला टेकल्याचा आवाज आला की जागेवर उडी. आवाज आणि उडी जुळली की मगच दोरी दोन हातांत. उडी बोटभर उंच पुरते. मूल उंच उडत असेल तर ते लवकर दमतं आणि सोडून देतं. फ्लॅटमध्ये करत असाल तर खालच्या मजल्यावरच्यांचा विचार करा, गच्ची किंवा तळमजला बरा.

सूर्यनमस्कार घालायला लावू का, असा प्रश्न मला हमखास येतो. जरूर. औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ते शाळाशाळांत नेले, ते उगीच नाही. खांदे, पोट, पाठ, पाय सगळ्यांना काम मिळतं. पण बारा नमस्कारांना चार-पाच मिनिटं लागतात. ते धावण्या-खेळण्याच्या जागी मोजू नका, त्याला जोड म्हणून मोजा. आणि त्याला एकट्याला उभं करून तुम्ही चहा घेत मोजत बसलात तर चौथ्या दिवशी त्याचं पोट दुखेल. सोबत घाला.

तुम्ही विचारलं नाही, पण सांगते: व्यायामाची शिक्षा करू नका. ‘उलट बोललास, काढ वीस उठाबशा’, ‘उशीर केला, मार मैदानाला पाच फेऱ्या’ हे घरीदारी अजूनही चालतं. ज्या धावण्याची त्याला गोडी लागावी असं आपल्याला वाटतं, तेच धावणं आपण अपमानाला जोडतो. याच्या उलट चूकही तेवढीच वाईट: कमी मार्क पडले म्हणून खेळ बंद. जेवण बंद करत नाही ना आपण? खेळावर बक्षीसही नको. धावलास तर आइस्क्रीम, असं झालं की आइस्क्रीम संपल्यावर धावणंही संपतं.

पावसाळ्यात वरची घडी विस्कटते, हे गृहीत धरा. रिमझिम पावसात भिजल्याने मूल आजारी पडत नाही, सर्दी-ताप विषाणूंमुळे येतो. जाऊ द्या, आल्यावर अंग पुसून कोरडे कपडे घाला. मात्र विजा चमकत असतील, विजेच्या खांबाजवळ पाणी साचलं असेल, किंवा तुंबलेलं घाण पाणी असेल तर नाही. तुंबलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि तो गंभीर होऊ शकतो. मुसळधार असेल त्या दिवशी घरात गाणी लावून नाचा, फुगा जमिनीला टेकू न देण्याचा खेळ खेळा, जिन्यातून चढ-उतार करा. विदर्भ-मराठवाड्यात पंचाईत उन्हाळ्याची. तिथे एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर खेळायचं, आणि पाण्याची बाटली मैदानातच ठेवायची. तहान लागेपर्यंत थांबायचं नाही.

मुलीबद्दल. तेराव्या-चौदाव्या वर्षी मुली मैदानातून नाहीशा होतात, हे मी दर वर्षी बघते, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. कारणं बहुतेक वेळा अगदी साधी आणि सुटणारी असतात, पण मुली आपणहून सांगत नाहीत. पाळीच्या दिवसांत डाग पडेल ही भीती. धावताना छाती हलते त्याचा संकोच. मैदानावर पॅड बदलायला जागा नाही. कडेला उभी राहून बघणारी पोरं. घरातलं कोणी ‘आता मोठी झालीस’ म्हणालेलं. तिच्याशी एकटीशी बोला. खेळताना घालायची घट्ट बसणारी आतली वस्त्रं घेऊन द्या, गडद रंगाची ट्रॅक पँट घेऊन द्या, पाळीत खेळलं तर चालतं, उलट अनेकींची कंबरदुखी कमी होते, हे स्पष्ट सांगा. पहिल्या दिवशी फार दुखत असेल तर विश्रांती. पूर्वीचाच खेळ खेळायला हवा असा हट्ट धरू नका. सायकल, बॅडमिंटन, कराटे, नाच, लेझीम, काहीही. खरी लोखंडी लेझीम अर्धा तास खेळून बघा, खांदे सांगतील किती काम झालं ते. या वयात मैत्रीण येत असेल तरच ती येईल, म्हणून दोघींची सोय एकदम लावा. आणि ती जिना चढूनही दमत असेल, चेहरा फिकट दिसत असेल, तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. या वयाच्या मुलींत रक्त कमी असणं फार आढळतं, आणि आपण त्यांना आळशी म्हणत बसतो.

या दोघांनाही घरातली पायी करायची कामं द्या: दळण, दूध, इस्त्रीचे कपडे, कोपऱ्यावरून कोथिंबीर. लिफ्टने न जाता जिन्याने. मुलाला सायकल येत असेल आणि रस्ता सुरक्षित असेल तर ही कामं सायकलवरून. घराला आपली गरज आहे, हे त्यातून मुलांना कळतं, म्हणून ती फारशी कुरकुरत नाहीत.

शेवटी वजन. तुमचं लक्ष तिकडे आहे हे कळतं, पण खेळाचं कारण म्हणून मुलासमोर वजन कधीही काढू नका. ‘जाड्या’, ‘ढोल्या’ हे शब्द लाडानेही नकोत, पाहुण्यांनाही थांबवा. वाढत्या वयात वजन उतरवायचं नसतं. उंची वाढत असताना वजन फार न वाढणं एवढंच बहुतेक मुलांना पुरतं, आणि त्यात खेळाइतकाच वाटा पाकिटातल्या खाऊचा, गोड पेयांचा आणि झोपेचा असतो. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते. रात्री अकराला झोपून सहाला उठणारं मूल संध्याकाळी धावणार नाही.

डॉक्टरांना कधी दाखवायचं तेही सांगते. खेळताना छातीत दुखलं, चक्कर येऊन पडला, बरोबरीच्या मुलांपेक्षा खूपच लवकर धाप लागली, खेळल्यावर किंवा रात्री खोकल्याची उबळ येते, एकाच सांध्याला सूज आहे, किंवा सकाळी उठल्यावर लंगडतो, तर वाट बघू नका. दोन्ही पाय संध्याकाळी-रात्री दुखतात, चोळल्यावर बरं वाटतं आणि सकाळी मूल उड्या मारतं, असं दुखणं या वयात खूप दिसतं, त्यासाठी खेळ थांबवायचा नाही. दमा असेल तरीही खेळ बंद नाही. औषध नीट चालू असेल तर दम्याची मुलं उत्तम खेळतात, फक्त श्वासाचा पंप मैदानावर सोबत हवा आणि बाकावरच्या माणसाला तो कसा द्यायचा ते माहीत हवं. वजनासाठी दाखवायला जाणार असाल तर आकडे आणि तुमच्या शंका कागदावर लिहून आधीच डॉक्टरांच्या हातात द्या. मुलगा शेजारच्या खुर्चीत बसलेला असताना त्याच्याविषयी ते सगळं मोठ्याने बोलायची वेळ येत नाही.